वरची ओळ

ताईच्या स्वयंपाकघरात डबे अक्षरांच्या क्रमाने लावलेले असत. कॉफी, चहा, मीठ, साखर. याला घरात कोणाची हरकत नव्हती, कारण हरकत घ्यायला घरात फारसं कोणी नव्हतंच. ताई, तिचा धाकटा भाऊ आणि भावाची बायको. ही भावजय लग्न होऊन आली, दुसऱ्याच दिवशी हौसेने चहा करायला गेली आणि शेजारशेजारच्या डब्यांनी दगा दिल्यामुळे चहात मीठ घालून बसली. भाऊ तो चहा हसत हसत प्यायला. ताई काही हसली नाही. "नवी आहे, शिकेल," एवढंच म्हणाली, आणि तेव्हापासून त्या बाईला घरात नवी हेच नाव पडलं. पुढे वर्षं उलटली, नवीच्या केसांत पांढरं दिसायला लागलं, तरी ती नवीच राहिली. डबेही तिथेच राहिले.

घराच्या खालच्या खोलीत या तिघांचं काम चाले. फर्निचर बनवणाऱ्यांसाठी त्यांनी एक प्रोग्रॅम केला होता. कपाट केवढं हवं, खण किती, दार कुठे उघडायचं, एवढं सांगितलं की पडद्यावर कपाट उभं राही आणि फळ्या कशा कापायच्या त्याचा नकाशा करवतीच्या मशीनकडे जाई. प्रोग्रॅम मुळात ताईने एकटीने लिहिलेला. नवीही हेच शिकून आलेली होती, तेव्हा ती हाताखाली आली. भाऊ कोड लिहीत नसे. तो गोड बोलण्यात पटाईत, म्हणून गिऱ्हाइकांकडे फिरे.

नवीचं टेबल भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. म्हणजे ताईने नुसती मान वर केली की नवीच्या पडद्यावर काय चाललंय ते दिसे. हे मुद्दाम केलं होतं असं ताई कधी म्हणाली नसती, पण टेबल हलवू मात्र तिने कधी दिलं नाही.

त्या दिवसांत ताईच्या जिवाला एकच घोर लागला होता. भावाला परगावाहून चांगल्या नोकरीचं बोलावणं आलं होतं. तो जाणार तर बायको बरोबर जाणार, आणि मग या घरात ताई आणि तिचे डबे. आई-वडील गेल्यावर या भावाला तिने हाताला धरून वाढवलं होतं. त्याच्याशिवायचं घर तिला डोळ्यांपुढे आणवत नव्हतं. भाऊ म्हणाला होता, "सुतारमामांनी आपला प्रोग्रॅम घेतला तर बघू, ताई. मग इथेच एवढं काम होईल की जायचं कारणच उरणार नाही." सुतारमामा म्हणजे गावातल्या सगळ्यात मोठ्या फर्निचर कारखान्याचे मालक. ते प्रोग्रॅम बघायला तयार झाले होते, त्यांच्याच कारखान्यात, त्यांच्याच कॉम्प्युटरवर. तेवढं पार पडलं की भाऊ राहणार, अशी ताईने मनाशी गाठ मारून ठेवली होती.

आणि नेमकं त्याच सुमारास कुठेतरी पाणी मुरतंय असं तिला वाटू लागलं.

सुरुवात एका ओळीवरून झाली. असा प्रोग्रॅम सगळी कामं स्वतः करत नाही. चित्रं काढायचं काम दुसऱ्या कोणीतरी लिहून ठेवलेल्या तयार कोडचं, म्हणजे लायब्ररीचं, छपाईचं दुसऱ्या लायब्ररीचं. प्रोग्रॅम उठला की फाईलच्या डोक्यावरच्या ओळी वरून खाली वाचत जातो आणि एकेका लायब्ररीला हाक मारतो. ताईच्या फाईलीत या हाका अर्थातच अक्षरांच्या क्रमाने असत. रोज संध्याकाळी दिवसभराचं काम एकत्र करताना ती वरच्या ओळींवरून नजर फिरवी आणि कुठे मागेपुढे झालं असेल तर नीट लावून टाकी. खाली बदलाचं कारण लिहायचं असतं, तिथे ती एकच शब्द लिही: आवराआवर.

तर एका संध्याकाळी तिला सगळ्यांच्या डोक्यावर एक ओळ बसलेली दिसली. चित्रांची लायब्ररी तिसऱ्या व्हर्जनची हवी, एवढंच त्या ओळीत म्हटलेलं. ताईच्या कपाळाला आठी पडली. तिसरंच तर आहे! नाही तर काय आहे? तिच्या मशीनवर तिसरंच होतं आणि पहिल्यापासून तेच होतं. त्या लायब्ररीचं चौथं व्हर्जन निघाल्याचं तिच्या कानावर आलं होतं, पण जे आपल्या मशीनवर नाही ते जगातच नाही, अशी तिची पद्धत. तिने ती ओळ उचलली आणि तिच्या अक्षराप्रमाणे खाली नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघते तो ओळ पुन्हा वर. बदल नवीच्या नावावर. कारणाच्या जागी तीनच शब्द: जागच्या जागी ठेवलं.

"जागच्या जागी!" ताई मनातल्या मनात म्हणाली. "माझ्या घरात मलाच जागा दाखवतेय."

मग हे रोजचंच झालं. सकाळी ओळ वर, संध्याकाळी ओळ खाली. दोघी एकाच खोलीत बसायच्या, एकीने पाणी प्यायला उठताना दुसरीलाही भरून आणायचं, जेवताना भाजीत मीठ बेताचं आहे का विचारायचं, पण त्या ओळीबद्दल कोणी चकार शब्द काढायचं नाही. ताईने विचारलं असतं तर तिचा मान कमी झाला नसता, पण तिला वाटे, हिने आधी सांगावं. नवीने का सांगितलं नाही ते पुढे कळलं. कामावर आल्या आल्या तिने कोडमध्ये एका अवघड जागी समजावणीचा शेरा लिहिला होता, तेव्हा ताईने तो पुसून बजावलं होतं, "कोडमध्ये गप्पा नकोत. ज्याला कळायचं त्याला कळतं." आणि एकदोनदा काही विचारायला गेली तेव्हा, "एवढंही कळत नाही?" असं ऐकून परत आली होती. तेव्हापासून तिने तोंडाला कुलूप लावलं होतं.

पण तेव्हा ताईला हे कुठलं दिसायला? तिला भलतंच दिसत होतं. नवीच्या पडद्यावर काहीतरी उघडं असे, आणि ताई उठली की ते झटकन बंद होई. एकदा जिन्याखाली केरसुणी शोधताना तिला कोरी खोकी सापडली, घडी घालून दोरीने बांधलेली, वरून जुनी चादर टाकलेली. सामान हलवताना माणसं घेतात तसली. तिने चादर होती तशी टाकली आणि कोणाला ताकास तूर लागू दिली नाही.

आणि एके दुपारी तिने ते बोलणं ऐकलं. नवी मागच्या दारात उभी राहून फोनवर भावाशी बोलत होती. ताई कपडे काढायला म्हणून गेली आणि दोरीपाशीच थांबली.

"जुन्याबरोबर आता निभायचं नाही," नवी म्हणत होती. "आज ना उद्या वेगळं करावंच लागेल. मी म्हणते, जेवढं लवकर तेवढं बरं. पण ताईंना इतक्यात नको सांगायला. त्यांना फार लागेल."

ताईच्या हातातला चिमटा तिथेच राहिला. वेगळं! म्हणजे हे सगळं ठरलेलं होतं. खोकी आणून झाली होती, नवऱ्याचे कान भरून झाले होते. आणि ती ओळ? आता तिला त्या ओळीचाही अर्थ लागला. सुतारमामांसमोर प्रोग्रॅम बिघडला की भाऊ जायला मोकळा. ही बया रोज डोक्यावर काहीतरी पेरून ठेवतेय आणि मी वेडी, आवराआवर करत बसलेय! संशयाचं असं असतं, एकदा मनात शिरला की घरातली प्रत्येक वस्तू त्याच्या बाजूने साक्ष द्यायला लागते. त्या दिवशी नवीने ताईच्या ताटात आधी वाढलं, तर ताईला त्यातही काळंबेरं दिसलं.

तिला रागही आला आणि भीतीही वाटली, आणि खरं सांगायचं तर भीतीच जास्त होती. पण भीती दाखवायची तिला सवय नव्हती.

सुतारमामांकडे जायच्या दिवशी ताई डोळ्यांत तेल घालून बसली. नवीने सकाळी आपलं काम उरकलं, "आता हात नका लावू ताई, सगळं नीट आहे," म्हणाली आणि वर कपडे बदलायला गेली. हात नका लावू! ताईला आणखी काय हवं होतं? तिने फाईल उघडली. ओळ वरच होती. तिने ती खाली नेली, आपल्या मशीनवर प्रोग्रॅम चालवून बघितला, कपाट झोकात उभं राहिलं. मग ती प्रत तिने स्वतः पेनड्राइव्हवर घेतली आणि पर्समध्ये टाकून पर्सची चेन लावली.

कारखान्यात भुसा सगळीकडे होता. कॉम्प्युटरवर प्लॅस्टिकचं आवरण, तरी कळांच्या फटीत भुसा. सुतारमामा कानावर पेन्सिल खोचून उभे होते. पलीकडे करवत थांबवून चार कामगारही बघायला आले. भावाने दोन गोड वाक्यं बोलून घेतली, ताईने पेनड्राइव्ह लावला, कपाटाचं माप भरलं आणि बटण दाबलं.

कपाट आलं. पाय वर, डोकं खाली. खालचे खण आढ्याला लागलेले, आणि दाराची कडी जिथे यायची तिथे नुसतं लाकूड.

"हे तर शीर्षासन करतंय की!" सुतारमामा म्हणाले. "आमच्याकडची कपाटं आपली पायांवर उभी राहतात बुवा." कामगार खो खो हसले.

भावाचा चेहरा पडला. ताईने बंद करून पुन्हा चालवलं. पुन्हा तेच. तिने मान वर केली तर नवी तिच्याकडेच बघत होती. ती नजर कसली होती ते ताईला कळलं नाही. तिने आपल्या मनात जे होतं तेच त्यात वाचलं.

"मिळालं ना मनासारखं?" ताई म्हणाली. आवाज चढलाच. "हिने केलंय हे! हिला वेगळं व्हायचंय! खोकीसुद्धा आणून ठेवलीत जिन्याखाली. नवऱ्याला घेऊन जायचंय म्हणून रोज माझ्या कामात खोडा घालते आणि वर मला सांगते, हात नका लावू!"

करवतीपाशी कोणीतरी खोकलं.

"ताई, काय बोलतेयस तू? लोकांसमोर?" भाऊ म्हणाला.

नवीचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने ताईच्या शेजारची खुर्ची ओढली, कळफलक आपल्याकडे घेतला, फाईल उघडली आणि खाली गेलेली ती ओळ उचलून पुन्हा सगळ्यांच्या डोक्यावर ठेवली. एक अक्षर बदललं नाही की एक शब्द वाढवला नाही. मग बटण दाबलं. कपाट पायांवर उभं राहिलं, खण खाली, कडी जागेवर.

"आँ? केलं काय एवढ्यात?" सुतारमामांनी विचारलं.

नवीने उत्तर त्यांना दिलं, पण ताईला ऐकू जाईल असं. "मामा, चित्रं काढणारी लायब्ररी तुमच्या मशीनवर दोन व्हर्जनची आहे. तिसरं उंची वरून मोजतं, चौथं खालून. आमचं कपाट तिसऱ्याच्या हिशेबाने लिहिलंय. कोणतं हवं ते हाक मारायच्या आधी सांगावं लागतं. आधी सांगितलं नाही तर मशीन आपलं नव्यातलं नवं आणून उभं करतं. आणि एकदा ते आलं की मागाहून कितीही सांगा, उपयोग नाही. ओळ होतीच. फक्त हाक मारून झाल्यावर येत होती."

"माझ्याकडे तर चालत होतं," ताई पुटपुटली.

"तुमच्या मशीनवर एकच आहे, ताई. तिथे कसंही बोलावलं तरी तेच येणार. माझ्याकडे दोन आहेत. माझ्याकडे रोज सकाळी कपाट उलटं असायचं."

सुतारमामा जाणते होते. त्यांनी दोघींकडे बघितलं, पेन्सिल कानावरून काढून परत खोचली आणि म्हणाले, "प्रोग्रॅम घेतला आम्ही. पण ती ओळ तेवढी खिळा मारून ठेवा, बाई." भाऊ मागे राहून बाकीच्या मशीनवर प्रोग्रॅम बसवणार होता. निघताना दारापाशी तो नवीला हळूच काहीतरी म्हणाला. नवीने मान खाली घालून उत्तर दिलं. एरवी ताईने कान टवकारले असते, पण आज तिने मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

दोघी तशाच घरी आल्या. खालच्या खोलीत आल्यावर ताईने मशीन उघडलं आणि मागचे सगळे बदल वाचून काढले. आवराआवर. जागच्या जागी ठेवलं. आवराआवर. जागच्या जागी ठेवलं. खाली, खाली, आणखी खाली. तिला हसू यायला हवं होतं, पण तिला इतकी लाज वाटली की बसल्या जागी अंग आक्रसून गेलं.

"तुला काय वाटत होतं?" तिने पाठमोऱ्या नवीला विचारलं. "मी रोज ती ओळ का काढतेय असं?"

"मला वाटलं, तुम्ही मला नापास करताय," नवी वळून म्हणाली. "एखाद्या दिवशी ती ओळ वर न्यायची मी विसरले असते तर कपाट उलटं आलं असतं, आणि तुम्ही म्हणाला असता, बघा, हिला अजून जमत नाही. तुमच्यासारख्या बाईला हे माहीत नसेल असं मला वाटलंच नाही हो."

"आणि फोनवर बोललीस ते? वेगळं करायचं म्हणून?"

नवीला आधी उमजेना. मग उमजलं, आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "कपाट काढायचा भाग, ताई. तुम्ही लिहिलेला. तो जुन्या व्हर्जनला बांधलाय, कधी ना कधी वेगळा काढून नव्यावर न्यावा लागणार. तुमच्या हातचं काम मोडायचं कसं सांगू, म्हणून मी चोरून शिकत होते. तुम्ही उठलात की बंद करायची ते तेच."

"आणि खोकी?"

इथे मात्र नवी खिडकीपाशी गेली. खिडकीची कडी उगाचच लावली, उगाचच काढली.

"खोकी ह्यांनी आणली," ती म्हणाली. "ह्यांना जायचंय, ताई. पहिल्या दिवसापासून. सुतारमामांनी घेतलं तर बघू, हे नुसतं तुमच्या समाधानासाठी. मी म्हणत होते, ताईंना एकटं टाकून जायचं नाही. खोकी मीच चादर टाकून झाकली, तुम्हाला दिसू नयेत म्हणून. हे रोज जायचं काढायचे आणि मी रोज नाही म्हणायची."

जी बाई या घराच्या डोक्यावर बसून घर सरळ धरून होती, तिलाच ताई इतके दिवस खाली ओढत होती. "आज दारात तो तुला काय म्हणाला?" तिने विचारलं.

"म्हणाले, आता तरी हो म्हणशील?"

"मग तू?"

"मी म्हटलं, तुम्हाला हवं तसं करा." नवीने डोळे पुसले. "चार लोकांत तुम्ही बोललात, ताई. मला त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही."

ताई उठून तिच्याजवळ गेली. पाठीवरून हात फिरवावा असं तिच्या फार मनात आलं, पण सवय नसलेला हात मध्येच थांबला आणि नवीच्या खांद्यावर जेमतेम टेकला. "चुकलं माझं," ती म्हणाली. "तुला विचारायला हवं होतं. तू जाऊ नकोस. मी त्याला सांगते. तो काही बोलायच्या आत मी सांगते." नवीने तिच्याकडे बघितलं, आणि मान हलवली. हो म्हणूनच हलवली.

भाऊ आला तेव्हा ताई दारातच उभी होती. त्याला चपला काढायलाही तिने उसंत दिली नाही. हिचा काही दोष नव्हता, सगळं माझ्या डोक्यातलं होतं, हिची मी माफी मागितली आहे, तुझीही मागते, काम मिळालंय, टेबल खिडकीकडे वळवू, डबे हिला हवे तसे लावू दे, तुम्ही दोघं राहा. एवढं सगळं ती एका दमात बोलली. आयुष्यात पहिल्यांदा ती असं काही बोलत होती आणि त्यातला शब्दन् शब्द खरा होता.

भावाने खाली बघत एक चप्पल काढली.

"मी कळवलं त्यांना, ताई," तो म्हणाला. "येतो म्हणून. शब्द दिलाय."

"कधी?"

"तुम्ही दोघी तिथून निघालात ना, तेव्हाच."

त्याला वाईट वाटत होतं, पण सुटल्यासारखंही वाटत होतं, आणि त्याच्या आवाजात ताईला दोन्ही ऐकू आलं. तिच्या मागे जिन्यापाशी नवी उभी होती. तिने नवऱ्याकडे बघितलं, मग ताईकडे, आणि वर गेली. थोड्या वेळाने जिन्याखालची खोकी न्यायला भाऊ आला, तेव्हा ताईने स्वतःच चादर बाजूला केली आणि दोरीची गाठ सोडून दिली.

मग ती खालच्या खोलीत जाऊन बसली. नवीचं टेबल भिंतीकडे तोंड करून होतं तसंच होतं. ताईने फाईल उघडली. सकाळी स्वतःच खाली नेलेली ती ओळ तिने पुन्हा सगळ्यांच्या डोक्यावर ठेवली, अक्षरांचा क्रम मोडून. ताईने तिच्याही वर एक रिकामी जागा केली आणि आपल्या हाताने पहिल्यांदाच कोडमध्ये शेरा लिहिला: ही ओळ वर का आहे, ते जिने ठेवली तिला विचारल्याशिवाय हलवू नये.